शॅनन: विमानं उतरेनाशी झाली तेव्हा

आयर्लंडच्या पश्चिमेला असलेल्या शॅनन विमानतळाच्या धावपट्टीच्या वाढीव टोकाशी एका शेतकऱ्याचं घर आड येत होतं. गवताने शाकारलेलं, क्लेअर परगण्यातल्या शेकडो घरांसारखंच एक. साठचं दशक नुकतं लागलं होतं. जेट विमानांना लांब धावपट्टी लागणार, म्हणजे घर जाणार हे ठरलेलं होतं. सरकारी कामात अशा घराचा पंचनामा होतो, भरपाई ठरते आणि एक दिवस ते जमीनदोस्त होतं. इथे वेगळं झालं. विमानतळाच्या विकासासाठी नेमलेल्या सरकारी कंपनीने ते घर सोडवून घेतलं आणि काही कोसांवरच्या बन्रॅटी किल्ल्याच्या पायथ्याशी पुन्हा उभारलं. वर पर्यटकांकडून ते बघायचे पैसेही घेतले. १९६४ मध्ये उघडलेल्या बन्रॅटीच्या लोकग्रामातलं हे पहिलं घर.

धावपट्टी वाढवणारे आणि घर वाचवणारे एकाच धास्तीने कामाला लागले होते. विमानं आता इथे उतरणार नाहीत, ही ती धास्ती. या प्रकरणात आयर्लंडच्या सरकारने तिला एकाच वेळी दोन उत्तरं दिली. एक सक्तीचं: उतरलंच पाहिजे. दुसरं ओढीचं: उतरावंसं वाटेल असं काहीतरी इथे उभं करू. दोन्ही उत्तरं पन्नास वर्षं शेजारी शेजारी नांदली. त्यांचा हिशेब वेगवेगळा मांडला, तरच शॅनन नीट कळतं.

मुळात इथे उतरायचं कशाला?

उत्तर भूगोलात आहे. शॅनन नदीचं मुख म्हणजे युरोपचा पश्चिमेचा उंबरठा. त्यापुढे थेट अटलांटिक. अमेरिकेकडे जाताना वारा समोरून येतो आणि तेव्हाच्या पंख्यांच्या इंजिनांना एका दमात लंडनहून न्यूयॉर्क गाठणं परवडत नसे. म्हणून अलीकडे आयर्लंडमध्ये टाक्या भरायच्या, पलीकडे न्यूफाउंडलंडच्या गँडरला पुन्हा भरायच्या, मधलं तीन हजारांहून जास्त किलोमीटर पाणी तेवढं पार करायचं.

आधी हे काम नदीच्या दक्षिण काठावर फॉइन्सला चाले, तेही पाण्यावर उतरणाऱ्या विमानांतून. १९३७ मध्ये चाचणी उड्डाणं झाली, १९३९ मध्ये पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीची नियमित सेवा सुरू झाली. महायुद्धात आयर्लंड तटस्थ होता, तरी फॉइन्सच्या धक्क्यावर सेनापती, मंत्री, नट, हेर सगळ्यांची ये-जा होती. १९४३ च्या हिवाळ्यात वादळामुळे परत फिरलेल्या, गारठलेल्या प्रवाशांना शेफ जो शेरीडनने कॉफीत व्हिस्की घालून वर साय सोडून दिली, ती ‘आयरिश कॉफी’, अशी कथा आहे. तपशील जसा सांगणारा तसे बदलतात, पण जागा आणि माणूस याबद्दल वाद नाही.

त्याच वर्षी फॉइन्सच्या उपाहारगृहाचा कारभार सरकारने एका पंचविशीतल्या तरुणाकडे सोपवला. नाव ब्रेंडन ओ'रीगन. गाव सिक्समाइलब्रिज, म्हणजे इथलाच. घरचा धंदा हॉटेलचा. युद्ध संपलं, पाण्यावरच्या विमानांचे दिवस सरले आणि नदीच्या उत्तर काठावर रिनॅनाच्या दलदलीत पाणी उपसून, भराव घालून केलेला विमानतळ मुख्य झाला. तोच शॅनन. ऑक्टोबर १९४५ मध्ये तिथे न्यूयॉर्कहून पहिलं नियमित प्रवासी विमान आलं. ओ'रीगन आपली स्वयंपाकघरं घेऊन नदी ओलांडून आला.

सक्तीची मुळंही त्याच साली रुजली. अमेरिका आणि आयर्लंड यांच्यात १९४५ मध्ये हवाई करार झाला. अटलांटिक ओलांडून आयर्लंडला येणारं प्रत्येक विमान आधी शॅननला टेकलं पाहिजे, हे त्या व्यवस्थेचं सार. डब्लिनला जायचं असेल तरी वाट शॅननवरून. तेव्हा कोणाला त्यात जाच वाटला नाही. इंधनासाठी सगळे तसेही उतरतच होते.

तासाभराचा प्रवासी

टाक्या भरायला तासभर लागे. तेवढा वेळ पन्नास-साठ माणसं इमारतीत बसून असत. खिशात डॉलर आणि हाताला काम नाही. ओ'रीगनने या तासाकडे दुकानदाराच्या नजरेने पाहिलं. त्याचा मुद्दा कायद्याच्या फटीतला होता: हा प्रवासी एका देशातून निघाला आहे, दुसऱ्यात अजून पोचलेला नाही आणि आयर्लंडमध्ये तो शिरलेलाच नाही. मग त्याच्या खरेदीवर जकात कुठल्या देशाची?

सरकारने हा युक्तिवाद मान्य केला आणि १९४७ मध्ये सीमाशुल्कमुक्त विमानतळाचा कायदा केला. जगातलं पहिलं ड्युटी-फ्री दुकान ते हेच. पुढे त्याला टपालाने माल पाठवणारा विभाग जोडला गेला, म्हणजे प्रवासी घरी पोचला तरी गिऱ्हाईक सुटलं नाही. १९५१ मध्ये ओ'रीगनने विमानतळावर हॉटेल व्यवस्थापनाचं कॉलेज काढलं, कारण त्याला हवे तसे वाढपी आणि व्यवस्थापक देशात तयार मिळत नव्हते.

इथे त्याच्या पदाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण प्रकरणाचा बराचसा उलगडा तिथे होतो. विमानतळ थेट मंत्रालयाखाली चाले. १९३७ मध्ये स्थापन झालेल्या एअर रिअन्टा या सरकारी कंपनीकडे शॅननचं व्यवस्थापन आलं ते १९६९ मध्ये. त्याआधी ओ'रीगन हा त्या खात्यातला धड बाबूही नव्हता आणि धड खासगी ठेकेदारही नव्हता. विक्री आणि खानपान या नावाखाली तो सरकारच्या वतीने धंदा करत होता. दुकानं आणि उपाहारगृहं कमावती होती, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. प्रशासनाच्या पुस्तकात अशी पदं बसत नाहीत. बसवायला गेलं की ती मरतात, असं माझं मत आहे. शॅननच्या बाबतीत ते अखेर तसंच झालं, पण त्याला अजून अवकाश आहे.

ऑक्टोबर १९५८

त्या महिन्याच्या ४ तारखेला ब्रिटिश कंपनीच्या कॉमेट जेटने अटलांटिक ओलांडला. २६ तारखेला पॅन ॲमचं बोईंग ७०७ न्यूयॉर्कहून पॅरिसला गेलं. पहिली जेट विमानं कधीमधी इंधनाला थांबत, पण ७०७ चा लांब पल्ल्याचा प्रकार पुढच्याच वर्षी येत होता आणि त्याला शॅननची गरज नव्हती. आकाशात पांढरी रेघ उमटेल, विमान पुढे निघून जाईल, खाली दुकान उघडं आणि गिऱ्हाईक तीस-पस्तीस हजार फुटांवर.

हे संकट एका विमानतळापुरतं नव्हतं. पन्नाशीच्या दशकात आयर्लंडमधून चार लाखांवर माणसं पोटासाठी देशाबाहेर गेली. १९६१ च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम २८ लाख भरली. पश्चिमेकडे उद्योग असा नव्हताच. विमानतळावर लागलेली नोकरी म्हणजे एका घराचं इंग्लंडला जाणं टळलं, असा सरळ अर्थ होता.

वेळ मात्र बरी आली होती. उद्योगमंत्री शॉन लेमास जून १९५९ मध्ये पंतप्रधान झाला. अर्थखात्याचे सचिव टी. के. व्हिटेकर यांचा आर्थिक विकासाचा अहवाल १९५८ मध्ये बाहेर पडला होता. परदेशी भांडवलाला दारं लावून घेण्याचं तीस वर्षांचं धोरण सैल होत होतं. ओ'रीगनला १९५७ मध्येच दोन टोप्या मिळाल्या होत्या: शॅननच्या विकासासाठीच्या नव्या मंडळाची प्रमुखकी आणि बोर्ड फॉल्चाचं, म्हणजे राष्ट्रीय पर्यटन मंडळाचं, अध्यक्षपद. तिसरी, खानपानाची, डोक्यावर होतीच.

१९५९ मध्ये कायदा होऊन शॅनन फ्री एअरपोर्ट डेव्हलपमेंट कंपनी रीतसर उभी राहिली. इतकं लांब नाव कोण घेणार? सगळे ‘स्फॅडको’ म्हणत. माल, माणसं, सहली, काहीही चालेल, पण विमान उतरण्यासाठी कारण तयार करायचं, हे तिचं काम.

दलदलीत कारखाने

पहिलं कारण म्हणजे माल. १९५८ मध्ये जुन्या कायद्यात दुरुस्ती करून शुल्कमुक्त हद्दीत कारखानदारीला परवानगी दिली गेली. कच्चा माल जकातीशिवाय येईल, तयार माल जकातीशिवाय जाईल आणि निर्यातीच्या नफ्यावर २५ वर्षं कर नाही. पनामातलं कोलोनचं मुक्त क्षेत्र १९४८ पासून चालू होतं, पण तिथे मुख्यतः साठवण आणि पुनर्विक्री चाले. कुंपणाच्या आत माणसं वस्तू घडवताहेत, ही शॅननची नवलाई.

स्फॅडकोने गिऱ्हाईक मिळण्याची वाट न बघता आधीच साच्यातले कारखाने बांधून ठेवले. किल्ली घ्या, यंत्रं लावा, भाडं द्या. हलका आणि किमती, म्हणजे विमानाने पाठवायला परवडेल असा माल बनवणाऱ्यांना बोलावणं गेलं. सोनीने इथे ट्रान्झिस्टर रेडिओ बनवले, डी बिअर्सने औद्योगिक हिऱ्यांचं काम आणलं, अमेरिकन कंपन्यांनी विजेचे सुटे भाग. एका डच कंपनीने तर पियानो काढले, तेही हलक्या सांगाड्याचे. विमानासाठी माल हलका असावा ही अट कोणी इतकी मनावर घेतली असेल असं वाटलं नव्हतं.

सगळं टिकलं नाही. सोनीचा कारखाना फार वर्षं चालला नाही. औद्योगिक हिरे मात्र मुरले. आणि खरं सांगायचं तर काही वर्षांतच कारखान्यांचा आणि विमानांचा संबंध पातळ झाला. पुष्कळ माल ट्रकने बंदरावर जाऊ लागला. विमानतळ वाचवायला काढलेला उद्योग आता विमानतळाशिवायही जगला असता. स्फॅडकोच्या कौतुकात हे सहसा येत नाही, पण मला यात अपयश दिसत नाही. मूळ प्रश्न नोकऱ्यांचा होता.

कामगार लिमरिकहून आणि एनिसहून बसने येत. त्यांनी राहायचं कुठे, म्हणून १९६० पासून विमानतळाशेजारी घरं बांधायला घेतली आणि एक नवं गाव वसलं, शॅनन टाउन. देवळाच्या किंवा बाजाराच्या आधाराने वाढलेलं हे गाव नव्हे. आधी कारखाना, मग घरं, मग शाळा, मग दुकानं असा उलटा क्रम. तिथे जुनं कब्रस्तान नव्हतं, आजीचं घर नव्हतं. आयरिश माणसाला याचं किती अप्रूप आणि किती परकेपण वाटलं असेल, ते टाउनशिपमध्ये वाढलेल्या कोणालाही कळेल.

१९६८ मध्ये इथे एका मोठ्या अमेरिकन कंपनीच्या कारखान्यात युनियनला मान्यता देण्यावरून संप पेटला आणि कामगारांना ने-आण करणाऱ्या बसगाड्या जाळल्या गेल्या. परदेशी कंपनीला दिलेलं शांततेचं आश्वासन आणि आयरिश कामगाराचा संघटनेचा हक्क, यांची टक्कर कधीतरी होणारच होती. स्फॅडकोच्या चकचकीत माहितीपत्रकांत तिला जागा नव्हती.

सुरीने जेवणारे पाहुणे

दुसरं कारण माणसं. बन्रॅटीचा किल्ला पंधराव्या शतकातला आणि पडीक. लॉर्ड गॉर्टने तो पन्नाशीच्या दशकात विकत घेतला, सरकारच्या बांधकाम विभागाच्या आणि पर्यटन मंडळाच्या मदतीने दुरुस्त केला, संग्राहक जॉन हंटने त्यात जुनं फर्निचर भरलं आणि १९६० मध्ये तो लोकांसाठी उघडला. पण किल्ला दिवसा बघून होतो. संध्याकाळी पर्यटक पुन्हा विमानात, नाहीतर डब्लिनच्या वाटेवर. हॉटेलातली खाट रिकामीच.

१९६३ पासून किल्ल्यात रात्रीच्या मध्ययुगीन मेजवान्या सुरू झाल्या. लांब बाकं, मेणबत्त्या, मधापासून केलेली मीड नावाची दारू. काटा-चमचा नाही, हाताने आणि सुरीने खायचं. पाहुण्यांतल्याच एकाला सरदार करून बसवायचं. वीणेवर गाणी म्हणणाऱ्या मुली आसपासच्या गावांतल्याच. मेजवानी रात्रीची असल्यामुळे मुक्काम आलाच, हे या योजनेतलं खरं डोकं. अमेरिकन पर्यटक हाताने मांस खाताना खूश होत, याचं आपल्याला हसू येईल. पण त्या हसण्यात क्लेअरच्या किती हॉटेलांची भाडी निघाली!

इतिहासकारांनी नाकं मुरडली. आयर्लंडमध्ये असं जेवण कधी झालं होतं का, हा रास्त प्रश्न होता. पुढे १९६८ पासून गवती छपराच्या नव्या कुटिरांची भाडेयोजना आली, तेव्हा तर बनावट जुनेपणाचा आरोप आणखी जोराने झाला. मात्र लोकग्रामातलं ते धावपट्टीवरचं घर बनावट नव्हतं. खऱ्या घराला खोट्या गावात जागा मिळाली, एवढंच.

कांडला, अंधेरी, शेन्झेन

भारतात कांडल्याचं निर्यात क्षेत्र १९६५ मध्ये आलं, मुंबईत अंधेरीला सीप्झ १९७३ मध्ये. कुंपण, जकातीची सूट, आधी बांधलेले गाळे आणि इलेक्ट्रॉनिक्सवर भर, हा आराखडा शॅननच्या कुळातला. सीप्झमध्ये नंतर दागिने आणि हिरे आले, त्यामागेही तेच गणित: मूठभर वजन, लाखाची किंमत, विमानतळ जवळ. फरक इतकाच की अंधेरीला माणसं आणि वस्ती आधीच होती. शॅननला गावही सरकारलाच आणावं लागलं.

परदेशी अधिकाऱ्यांना शिकवणं हा स्फॅडकोचा जोडधंदा झाला. १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कार्यक्रमातून आलेल्या चिनी पथकात जियांग झेमिन होते, पुढचे चीनचे राष्ट्राध्यक्ष. त्याच वर्षी शेन्झेनचं विशेष क्षेत्र जाहीर झालं. शॅनन बघून शेन्झेन झालं असं काही जण ठोकून देतात. ते जरा जास्तच झालं. चीनने बऱ्याच ठिकाणी बघितलं होतं. पण २०१२ मध्ये शी जिनपिंग आयर्लंडला आले ते शॅननलाच उतरले, हा योगायोग नसावा.

ऐंशीच्या दशकात एअर रिअन्टाने सोव्हिएत एअरोफ्लोटशी अफलातून सौदा केला. रशियन तेल जहाजाने शॅननला यायचं, त्यातून रशियन विमानं भरायची आणि उतरण्याचं भाडं तेलातच चुकतं व्हायचं. क्युबाकडे जाणाऱ्या विमानांना अमेरिकेत थारा नव्हता, इथे होता. या ओळखीतून १९८८ मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर आयरिश लोकांनी ड्युटी-फ्री दुकान उघडलं. पुढे दिल्लीच्या विमानतळावरच्या ड्युटी-फ्रीमध्येही एअर रिअन्टाच्याच घराण्यातल्या कंपनीची भागीदारी होती.

सक्तीचा जमाखर्च

ही झाली ओढीची बाजू. सक्ती या सगळ्या काळात चालूच होती. आयर्लंडच्या राष्ट्रीय विमान कंपनीचं, एअर लिंगसचं, अमेरिकेहून डब्लिनला निघालेलं विमान शॅननला टेकायचं, प्रवासी डोळे चोळत बसायचे, मग अर्ध्या तासाची पुढची झेप. उतरणं-चढणं, इंधन, कर्मचारी, सगळा खर्च कंपनीच्या माथी. अमेरिकन कंपन्या सत्तरीपासून कुरकुर करत होत्या.

१९९३ मध्ये सरकारने डब्लिनला काही थेट उड्डाणांची मुभा दिली, तेव्हा क्लेअरमधले सत्ताधारी पक्षाचेच खासदार बंड करून उठले. शीला डी व्हॅलेराने, म्हणजे राष्ट्राचे शिल्पकार एमन डी व्हॅलेरा यांच्या नातीने, पक्षाचा व्हिप झुगारला. या भागात शॅननचा थांबा हा शेतकऱ्याच्या हमीभावासारखा विषय होता, त्यावर हिशेब चालत नसे. अखेर युरोप आणि अमेरिका यांच्या खुल्या आकाशाच्या कराराने २००८ मध्ये तो संपला. त्याआधीच, ऑगस्ट २००७ मध्ये, नुकत्याच खासगी झालेल्या एअर लिंगसने शॅनन–हीथ्रो सेवा बेलफास्टला हलवण्याचा निर्णय जाहीर केला होता. ती २००९ मध्ये परत आली, पण पश्चिमेचा विश्वास उडाला तो उडालाच.

२००७ मध्ये ३६ लाखांवर असलेले प्रवासी २०१२ पर्यंत १४ लाखांच्या आसपास आले. मंदी होती हे खरं. पण थांब्याच्या भरवशावर विमानतळाने स्वतःचं गिऱ्हाईक जोडण्यात बरीच वर्षं घालवली, हेही खरं. १९५८ च्या धास्तीने दहा वर्षांत कारखाने, गाव, किल्ला, लोकग्राम उभं केलं. त्यानंतरच्या निश्चिंतीने तेवढं काही केलं नाही.

ओ'रीगन १९७८ मध्ये बाजूला झाला. पर्यटन एका मंडळाकडे, विमानतळ दुसरीकडे, उद्योग तिसरीकडे, अशी नीटनेटकी वाटणी होत गेली. २०११ मध्ये डब्लिनला वाहतूक, पर्यटन आणि क्रीडा असं एकत्र खातं झालं, लिओ वराडकर त्याचा मंत्री. या वराडकरांचे वडील मुंबईचे, मूळ कोकणातलं वराड, त्यामुळे आपल्याकडे ते नाव सगळ्यांना माहीत असतं. त्याच्याच कारकिर्दीत, २०१२ च्या अखेरीस, शॅनन डब्लिनच्या विमानतळ प्राधिकरणातून सुटं झालं. २०१४ मध्ये शॅनन ग्रुप आला. स्फॅडकोचा वारसा असलेली जुनी विकास कंपनी विसर्जित झाली आणि तिची कामं चार-पाच सरकारी संस्थांत वाटली गेली. विमान, किल्ला आणि कारखाना एकाच टेबलावर बघणारा माणूस राहिला नाही. नंतर बन्रॅटीही क्लेअरच्या परगणा परिषदेकडे गेली.

मात्र एक गोष्ट कोणी आखली नव्हती. १९७५ मध्ये टोनी रायन या एअर लिंगसच्या अधिकाऱ्याने शॅननला विमानं भाड्याने देणारी कंपनी काढली, तीत एअर लिंगसचंही भांडवल होतं. १९९२ मध्ये तिचा शेअरविक्रीचा डाव फसला आणि ती कोसळली, पण तिथे तयार झालेल्या माणसांनी आयर्लंडभर तसलेच धंदे काढले. आज जगातल्या भाडेपट्ट्यावरच्या विमानांचा फार मोठा हिस्सा आयरिश कंपन्यांच्या वहीत आहे. २०२३ मध्ये मुंबईची गो फर्स्ट बुडाली, तेव्हा विमानं परत मागत भारतातल्या न्यायालयांत आलेल्यांत आयरिश कंपन्याही होत्या.

भाडेकरू बदलला की विमानाचा रंग बदलावा लागतो. त्यासाठी शॅननच्या हँगरमध्ये विमानं येतात, जुनं नाव खरवडून नवं घालून घेतात आणि निघून जातात. त्यांत एकही प्रवासी नसतो, आणि त्यांना इथे उतरायला कुठलाही कायदा भाग पाडत नाही.